हवेचा मापाडी : जुन्या इंजेक्शन गाडीतला एअर फ्लो मीटर खरोखर बिघडला आहे का?

१९७५ च्या मॉडेलपासून डॅटसनने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आपल्या झी गाडीचे दोन कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारी यांत्रिक साधने) काढून टाकले आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवले. '२८०झी' या नावाने ही गाडी १९७८ पर्यंत निघत होती. सहा सिलिंडर एका ओळीत असलेले तिचे २.८ लिटरचे इंजिन दणकट म्हणून ओळखले जाते, त्यामुळे आज या गाड्या त्रास देतात तेव्हा दोष बहुधा इंजिनात नसतो. तो त्याला पेट्रोल मोजून देणाऱ्या यंत्रणेत असतो. आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे संथ चालणे) डळमळू लागले, पिकअप घेताना गाडी अडखळली, सायलेन्सरमधून काळा धूर आला की मालकाचे आणि मेकॅनिकचे बोट एकाच वस्तूकडे जाते. एअर फिल्टर आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारा हवेचा दरवाजा) यांच्यामध्ये बसवलेला, वर काळे झाकण असलेला तो ॲल्युमिनियमचा डबा म्हणजे एअर फ्लो मीटर. माझे मत असे आहे की हा डबा जितक्या वेळा बदलला जातो, त्यांतल्या पुष्कळ वेळा तो निर्दोष असतो. तो दोषी आहे की नाही हे एक मल्टिमीटर (व्होल्टेज आणि रोध मोजणारे उपकरण), एक बॅटरी आणि एक मोकळी दुपार एवढ्या भांडवलावर ठरवता येते, पण तपासाचा क्रम मात्र पाळावा लागतो.

ही यंत्रणा मुळात बॉशची, आणि तिचे नाव एल-जेट्रॉनिक. यातला 'एल' जर्मन भाषेतल्या 'लुफ्ट' या शब्दाचा, म्हणजे हवेचा. तिच्या आधीची डी-जेट्रॉनिक १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या गाडीत आली होती. तिच्यातला 'डी' हा 'ड्रुक', म्हणजे दाबाचा, कारण ती हवा प्रत्यक्ष न मोजता इनटेक मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यातल्या) दाबावरून हवेचा अंदाज बांधत असे. एल-जेट्रॉनिकने हवा थेट मोजायला सुरुवात केली. पोर्शे ९१४ ची १.८ लिटरची आवृत्ती, अमेरिकेत विकली गेलेली १९७५ ची बीटल, बीएमडब्ल्यूची ५३०आय अशा अनेक गाड्यांत हीच कल्पना आहे, आणि डॅटसनमधली यंत्रणा बॉशच्याच परवान्याने जपानमध्ये बनत असे. नाशिकच्या वाचकांना बॉश ही कंपनी जुन्या 'मायको' या नावाने ठाऊक असेल, परंतु तिथला कारखाना डिझेलच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. पेट्रोल इंजेक्शनची ही पहिली पिढी भारतातल्या रस्त्यांवर जवळजवळ आलीच नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत कार्ब्युरेटरचे राज्य होते, आणि नंतर 'एमपीएफआय' (मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शन) ही अक्षरे मागच्या काचेवर मिरवत ज्या छोट्या गाड्या आल्या, त्यांतल्या बहुतेक मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या होत्या. त्यामुळे इथल्या गॅरेजमध्ये मिळवलेला अनुभव हवेच्या रेट्याने हलणाऱ्या झडपेच्या या मीटरला जसाच्या तसा लागू पडत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींनी हौसेने अशी एखादी गाडी गॅरेजात उभी केली असेल, त्यांना हा फरक सर्वांत आधी ध्यानात घ्यावा लागेल.

मीटरच्या आत काय चालते

पेट्रोल नीट जळण्यासाठी एक भाग पेट्रोलमागे वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल जास्त झाले तर मिश्रण 'रिच' होते, कमी झाले तर 'लीन'. ॲक्सिलरेटर दाबताना चालक खरे तर पेट्रोल वाढवत नाही, तो हवेचा दरवाजा उघडतो, आणि आत किती हवा गेली हे पाहून त्या मानाने पेट्रोल सोडण्याचे काम कंट्रोल युनिट, म्हणजे या यंत्रणेचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, करते. कंट्रोल युनिटला स्वतःला काही दिसत नाही. बाजार समितीच्या फाटकावर बसलेला मापाडी जो आकडा सांगेल, त्यावरच आतल्या कारकुनाची पावती फाटते, तसा हा कारभार आहे. एअर फ्लो मीटर हा तो मापाडी.

त्याच्या आत एक चौकोनी झडप आहे. इंजिन हवा ओढते तेव्हा ही झडप हवेच्या रेट्याने मागे ढकलली जाते, आणि घड्याळातल्या कमानीसारखी एक गोल स्प्रिंग तिला परत मिटवू पाहते. या दोन जोरांचा जिथे समतोल होतो तिथे झडप थांबते. इंजिन हवा सलग ओढत नाही, प्रत्येक सिलिंडरच्या घोटाबरोबर ओढते, त्यामुळे झडप सतत थरथरत राहिली असती. ते टाळण्यासाठी तिला काटकोनात जोडलेली दुसरी झडप एका बंद कप्प्यात फिरते आणि तिथे कोंडलेली हवा उशीसारखे काम करून थरथर शोषून घेते. झडपेच्या दांड्यावर, काळ्या झाकणाखाली, एक बारीक ब्रश बसवलेला आहे. तो चिनी मातीच्या पट्टीवरील प्रतिरोधक थरावरून सरकतो. ब्रश कुठे आहे त्यावरून व्होल्टेज ठरते, आणि ते व्होल्टेज म्हणजेच मापाड्याचा आकडा.

यात एक बारकावा आहे, तो न कळल्याने पुष्कळ घोळ होतो. मीटरला वीज गाडीच्या बॅटरीतून मिळते, आणि बॅटरीचे व्होल्टेज कधी १२ तर अल्टरनेटर चालू असताना १४ असते. मग आकडा बदलणार नाही का? बदलतो, पण कंट्रोल युनिट नुसता आकडा न पाहता पुरवठ्याशी त्याचे गुणोत्तर पाहते. २८०झीच्या मीटरमध्ये ६ आणि ८ क्रमांकांच्या टोकांमध्ये सुमारे १८० ओहम, आणि ८ व ९ मध्ये सुमारे १०० ओहम इतका रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) असतो. टोक ९ ला १२ व्होल्ट दिले तर ८ वर सुमारे ७.७ व्होल्ट मिळतात, आणि १४ दिले तर ९. आकडे वेगळे, गुणोत्तर तेच. म्हणून दुसऱ्या कोणाच्या गाडीवर घेतलेले व्होल्टेज आपल्या गाडीशी ताडून 'माझा मीटर कमी दाखवतो' असा निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे.

दुसरा बारकावा हवेच्या घनतेचा. पेट्रोलला हवेच्या वजनाशी कर्तव्य आहे, पण झडपेला जाणवतो तो वाऱ्याचा रेटा. हवा तापली की विरळ होते आणि तेवढ्याच आकारमानात तिचे वजन कमी भरते. ही चूक सुधारण्यासाठी मीटरच्या तोंडाशीच हवेचे तापमान मोजणारा एक छोटा सेन्सर बसवलेला आहे. उंचीमुळे विरळ झालेल्या हवेची दुरुस्ती मात्र तो करू शकत नाही. कोलोराडोतले डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे, आणि तिथे समुद्रकाठी सुरेख चालणारी गाडी थोडी रिच चालते, साध्या गणिताने सुमारे ८ टक्क्यांनी. तो मीटरचा बिघाड नव्हे, तो या पद्धतीचा स्वभाव आहे.

मागच्या दाराने आलेली हवा

मापाडी कितीही प्रामाणिक असला तरी मागच्या दाराने आत गेलेल्या गाड्या त्याच्या वहीत येत नाहीत. मीटर आणि इंजिन यांच्यामध्ये जिथे जिथे फट असेल, तिथून शिरणारी हवा मोजली जात नाही. तिच्यासाठी पेट्रोल सोडले जात नाही आणि मिश्रण लीन होते. मीटरवर आलेल्या संशयाचे सर्वांत मोठे मूळ इथे आहे.

अशा फटी कुठे असतात? मीटरपासून थ्रॉटलपर्यंत जाणारी जाड रबरी नळी पन्नास वर्षांत कडक होते आणि तिच्या घड्यांच्या खोबणीत चिरा पडतात. वरून पाहिले तर त्या दिसत नाहीत, नळी काढून हाताने वाकवली तरच उघडतात. ब्रेक बूस्टरची नळी, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी असलेली रबरी सीलं, इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट हीही ठरलेली ठिकाणे आहेत. पण जिकडे लोकांचे लक्ष जात नाही ते ठिकाण म्हणजे ऑइलची डिपस्टिक आणि ऑइल भरायचे झाकण. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागातली) वाफ ओढून घेणारी नळी मॅनिफोल्डला, म्हणजे मीटरच्या पलीकडे, जोडलेली असते. म्हणून झाकणाचे रबर सैल झाले तर इंजिन तिथूनही हवा ओढते. कार्ब्युरेटरच्या गाडीत याची कोणी पर्वा करत नाही, इथे मात्र आयडलिंग बिघडते.

यातूनच एक फुकटची चाचणी मिळते. गरम झालेले इंजिन आयडलवर चालू ठेवून ऑइलचे झाकण हळूच उचलावे. यंत्रणा बाकी सगळीकडून हवाबंद असेल तर इंजिन लगेच लडखडते, कधी बंदच पडते. झाकण उचलूनही काही फरक पडला नाही तर समजावे की हवा आधीच दुसरीकडून भरपूर शिरते आहे आणि एका भोकात आणखी एकाची भर पडल्याचे इंजिनाला सुखदुःख उरलेले नाही. ज्याने पेटी वाजवली आहे त्याला हे लगेच पटेल : भाता फाटलेला असेल तर सूर उघडा की बंद, आवाजात फारसा फरक पडत नाही.

अशा गळतीचा त्रास आयडलवर का जाणवतो आणि वेगात का लपतो, हे एका ढोबळ हिशेबाने कळते. हे इंजिन आयडलवर मिनिटाला साधारण साडेतीनशे-चारशे लिटर हवा घेते, आणि पूर्ण रेसवर, साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास, ती मात्रा सात हजार लिटरच्या घरात जाऊ शकते. एखाद्या चिरेतून मिनिटाला ४० लिटर हवा शिरत असेल तर आयडलवर ती दहा टक्के चोरी ठरते, पूर्ण रेसवर ती एक टक्काही भरत नाही. म्हणून जी गाडी सिग्नलवर थरथरते आणि हायवेवर गुपचूप धावते, तिचा मीटर काढण्याआधी नळ्या तपासाव्यात.

त्याच वेळी बाकीच्या साक्षीदारांनाही विचारून घ्यावे. प्लग, पॉइंट किंवा इग्निशन मॉड्यूल आणि टायमिंग आधी, कारण मिसफायरचे पहिले कारण तेच असते. मग पेट्रोलचा दाब. कंट्रोल युनिट इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा एवढेच ठरवते, आणि दाब ठरलेला आहे असे गृहीत धरते. तो मॅनिफोल्डमधल्या दाबापेक्षा सुमारे अडीच बार जास्त असला पाहिजे. हा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून ठेवली तर गेजवर ३६ पीएसआयच्या आसपास काटा यावा. फिल्टर चोंदल्याने हा दाब वेगात घसरत असेल तर मीटर बदलून काडीचाही उपयोग नाही. हे काम करताना जुन्या पेट्रोल नळ्या हाताखाली फुटू शकतात आणि इंजिन गरम असते, म्हणून अग्निशामक हाताशी ठेवणे ही केवळ औपचारिकता समजू नये.

उन्हात उभी राहिलेली गाडी पुन्हा सुरू होताना पहिला मिनिटभर अडखळते, ही तक्रारही मीटरच्या नावावर जमा होते. ती बहुतेक वेळा तापलेल्या इंजेक्टरांत पेट्रोलची वाफ झाल्यामुळे असते. तिचा इथे विचार नको.

सर्वांत जास्त निरपराध मीटर ज्याच्यामुळे बदनाम होतात तो भाग म्हणजे कूलंटचे तापमान सांगणारा सेन्सर, किंवा खरे तर त्याचा कनेक्टर. हा सेन्सर थंड असताना जास्त रोध दाखवतो आणि गरम झाल्यावर कमी. २० अंशांना २.२५ ते २.७५ किलोओहम, ८० अंशांना ०.२९ ते ०.३६ किलोओहम. कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढला की रोध वाढतो, आणि कंट्रोल युनिटला वाटते की इंजिन हिमालयात उभे आहे. मग ते पेट्रोलचा नुसता पाऊस पाडते : काळा धूर, काजळलेले प्लग, पेट्रोलचा वास. मोजमाप सेन्सरवर न घेता कंट्रोल युनिटच्या ३५ पिनांच्या प्लगमध्ये, १३ क्रमांकाच्या पिनपासून बॉडीपर्यंत, घ्यावे, म्हणजे सेन्सर, वायर आणि कनेक्टर या तिघांची एकत्र झडती होते. प्लग काढण्याआधी किल्ली बंद आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी असली पाहिजे.

आता मीटरकडे

एवढे झाल्यावरही दोष उरला तर मीटरची पाळी येते. पण त्याआधी एका लोकप्रिय सल्ल्यापासून सावध राहावे. 'मीटरचा कनेक्टर काढून पाहा, गाडी सुधारली तर मीटर खराब' असे सांगितले जाते. नंतरच्या पिढीतल्या, तापलेल्या तारेने हवा मोजणाऱ्या सेन्सरांच्या बाबतीत यात तथ्य आहे, कारण त्या गाड्यांतला संगणक सेन्सर गप्प झाला की अंदाजाने पेट्रोल सोडू लागतो. २८०झीचे कंट्रोल युनिट ॲनालॉग आहे, त्याला अंदाज बांधता येत नाही, दोषाचा कोड साठवता येत नाही. कनेक्टर काढला की इंजिन बंद पडते, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्या तारेच्या सेन्सरसाठी मिळणारा स्प्रे या झडपेवर मारूनही फारसे काही साधत नाही, जाडी जेमतेम ०.०७ मिलिमीटर असलेल्या प्लॅटिनमच्या तारेचे दुखणे वेगळे आणि स्प्रिंगवर झुलणाऱ्या झडपेचे वेगळे.

पहिली तपासणी बोटाने करायची. इंजिन बंद, एअर फिल्टरची बाजू उघडी. झडप बोटाने सावकाश पूर्ण उघडावी आणि सावकाश सोडावी. ती रेशमासारखी सरकली पाहिजे आणि शेवटचे मिलिमीटरही स्वतःहून मिटले पाहिजे. मधेच खरखर लागली किंवा झडप अर्धवट अडकली तर ऑइलच्या वाफेची चिकट काजळी भिंतीवर बसलेली असते, किंवा कधी काळी इनटेकमध्ये झालेल्या बॅकफायरने (उलट्या दिशेने उडालेल्या भडक्याने) झडप किंचित वाकलेली असते. काजळी कापडाने आणि थोड्या क्लीनरने पुसून निघते. वाकलेली झडप सरळ करायचा मोह आवरावा, कारण तिच्या कडेची फट ठरलेली असते.

सुरुवातीच्या वर्षांतल्या मीटरमध्ये आणखी एक गोष्ट लपलेली आहे, पेट्रोल पंपाचा स्विच. झडप जराशी उघडली की ३६ आणि ३९ या टोकांमधला संपर्क जुळतो आणि पंप चालू राहतो. इंजिन थांबले, हवा थांबली, झडप मिटली की पंपही थांबतो. अपघातात इंजिन बंद पडल्यावर पंप पेट्रोल ओतत राहू नये म्हणून केलेली ही साधी आणि शहाणी व्यवस्था आहे. ती बिघडली की लक्षण इतके खास असते की निदान फोनवरही करता यावे : किल्ली स्टार्टवर धरली की इंजिन चालू होते, किल्ली सोडली की लगेच बंद. स्टार्टरच्या वेळी पंपाला वेगळ्या वाटेने वीज मिळते, किल्ली मागे आली की ती वाट बंद होते आणि झडपेच्या स्विचने सूत्रे हाती घ्यायची असतात. तो घेत नाही. मल्टिमीटरवर झडप मिटलेली असताना या दोन टोकांत संपर्क नसावा आणि बोटाने ती थोडी उघडताच तो जुळावा.

दुसरी तपासणी रोधाची. मीटरच्या टोकांवर ६, ७, ८, ९, २७ असे क्रमांक असतात. एकदोनतीन असे का नाहीत, तर हे क्रमांक कंट्रोल युनिटच्या प्लगमधल्या पिनांचेच आहेत, आणि त्यामुळे वायर दोन्ही टोकांना न चुकता ओळखता येते. ६ आणि ८ मध्ये सुमारे १८०, ८ आणि ९ मध्ये सुमारे १०० ओहम हे वर आलेच आहे. ६ आणि ७ मधला आकडा झडपेबरोबर बदलतो, तो शून्य किंवा अनंत नसला म्हणजे झाले. ६ आणि २७ मध्ये हवेच्या तापमानाचा सेन्सर आहे, त्याचे आकडे कूलंटच्या सेन्सरसारखेच. शिवाय कोणतेही टोक आणि मीटरची ॲल्युमिनियमची बॉडी यांच्यात संपर्क नसावा. हे आकडे डॅटसनचे आहेत. दुसऱ्या गाडीतला बॉशचा मीटर वेगळे आकडे देईल, त्यासाठी त्या गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे.

रोधाची चाचणी उत्तीर्ण झालेला मीटर निर्दोष ठरतो का? नाही, आणि इथेच बहुतेक लोक तपास थांबवतात. झिजलेली पट्टी दोन टोकांत बरोबर रोध दाखवते आणि मधे एका जागी दगा देते. तिला पकडायचे तर चालता मीटर पाहावा लागतो. मीटर काढून टेबलावर घ्यावा. टोक ९ ला १२ व्होल्टच्या बॅटरीची पॉझिटिव्ह, टोक ६ ला निगेटिव्ह जोडावी. व्होल्टमीटरची लाल वायर ८ ला आणि काळी ७ ला लावावी. आता झडप अगदी संथपणे, मिटलेल्या स्थितीपासून पूर्ण उघडेपर्यंत, दहा-बारा सेकंद घेत ढकलत न्यावी. व्होल्टेज सलग उतरत जाईल. हवा वाढली की आकडा वाढेल अशी अपेक्षा करणारा पहिल्यांदा चपापतो, पण या मीटरची रीतच अशी आहे. महत्त्व आकड्याला नाही, उतरणीला आहे. ती गुळगुळीत हवी.

इथे डिजिटल मल्टिमीटर फसवतो. तो सेकंदाला दोनचार वेळाच नवा आकडा दाखवतो आणि क्षणभराचा तुटलेला संपर्क त्याच्या नजरेतून निसटतो. जुन्या काट्याच्या मीटरवर मात्र तोच क्षण काट्याच्या उडीने स्पष्ट दिसतो. अडगळीत टाकलेला काट्याचा मीटर असेल तर या कामासाठी तो बाहेर काढावा. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच. काटा एकाच जागी पुनःपुन्हा उडी मारत असेल, आणि झडपेची तीच स्थिती रस्त्यावर ज्या वेगाला गाडी अडखळते त्याच्याशी जुळत असेल, तर दोष सापडला असे खात्रीने म्हणता येते.

झाकणाखाली

काळे झाकण सिलिकॉनने चिकटवलेले असते आणि पातळ सुरीने सगळीकडून कापत गेले की सुटते. ते आधीच कोणीतरी उघडले आहे का, हे सिलिकॉनच्या थराकडे पाहूनच कळते : कारखान्यातला थर सलग आणि एकसारखा, नंतर लावलेला ओबडधोबड. ओबडधोबड दिसला तर आतल्या स्प्रिंगला कोणाचा तरी हात लागला असावा असे धरून चालावे.

आत पाहिल्यावर मध्यभागी दातेरी चाक दिसते, स्प्रिंगचा ताण त्यावर ठरलेला असतो आणि एक तारेची चिमटी चाकाला जागेवर धरून ठेवते. चाकाशेजारी समतोलाचे वजन, आणि एका बाजूला ती करडी पट्टी, तिच्यावर काळसर कमानीसारखा थर. उजेड तिरका पाडून पाहिले की त्या थरावर ब्रशने घासून काढलेली चकचकीत रेघ दिसते. ती सर्वत्र सारखी नसते. आयडल आणि संथ वेगाच्या टप्प्यात, जिथे झडपेने गाडीचे बहुतेक आयुष्य काढलेले असते, तिथे ती रुंद आणि खोल असते, शेवटच्या टोकाला जेमतेम ओरखडा. मालकाने गाडी किती दामटली याची नोंदच म्हणा.

ही रेघ सॅंडपेपरने घासणे हा शुद्ध अविचार आहे, कारण प्रतिरोधक थर तेवढाच असतो. काँटॅक्ट क्लीनरने धूळ आणि झिजलेला चुरा धुऊन काढावा. एवढ्याने भागले नाही तर पट्टी धरणारे स्क्रू ढिले करून ती कणभर सरकवावी, म्हणजे ब्रश थराच्या न झिजलेल्या भागावरून चालू लागतो. हा उपाय जुना आहे आणि चांगला टिकतो. पण सरकवताना ब्रश कमानीच्या बाहेर जात नाही ना, आणि मिटलेल्या स्थितीतले व्होल्टेज पूर्वीइतकेच आहे ना, हे वरच्या टेबलावरच्या चाचणीने तपासावे.

दातेरी चाकाला हात लावण्याआधी एका दातावर आणि त्यासमोरच्या बॉडीवर रंगाची खूण करावी. स्प्रिंग घट्ट केली की तेवढ्याच हवेला झडप कमी उघडते, कंट्रोल युनिटला हवा कमी वाटते आणि मिश्रण लीन होते. सैल केली की उलट. हा बदल आयडलपासून पूर्ण रेसपर्यंत सगळीकडे लागू होतो, आणि म्हणूनच आयडलची तक्रार मिटवण्यासाठी तो करू नये. आयडलसाठी मीटरच्या अंगात वेगळा स्क्रू आहे. झडपेला वळसा घालून थोडी हवा एका छोट्या बोगद्यातून जाते, आणि हा स्क्रू आत पिळला की तो बोगदा अरुंद होतो, हवा झडपेवरून जाऊ लागते आणि मिश्रण रिच होते. बाहेर काढला की लीन. वेगात या बोगद्यातल्या हवेचा वाटा नगण्य असल्याने तिथे काही बिघडत नाही. जुन्या गाडीत दातेरी चाक जागेवरून हललेले सापडले तर बऱ्याचदा गोष्ट अशी असते : कुणाला तरी फाटलेल्या नळीमुळे गाडी लीन चालताना दिसली, त्याने स्प्रिंग सैल करून पेट्रोल वाढवले, नंतर दुसऱ्याने नळी बदलली, आणि आता गाडी काळा धूर ओकते आहे. तशा वेळी चाक मागे नेण्याचे काम एग्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (मिश्रण किती रिच किंवा लीन ते आकड्यात दाखवणारा) लावून, एकेका दाताने, रस्त्यावर चालवत आणि आकडा पाहत करावे. कानाने किंवा धुराच्या रंगाने ते जमत नाही.

झाकण पुन्हा चिकटवताना सिलिकॉनची पट्टी सलग ओढावी, कोपऱ्यात फट ठेवू नये, कारण आत ओल शिरली की ब्रशचा संपर्क खराब होतो. कनेक्टरच्या रबरी टोपीला चीर असेल तर तीही बदलावी. मीटर बसवून, रबरी नळीचे क्लॅम्प आवळून, इंजिन गरम होऊ द्यावे, आणि आयडल स्थिरावल्यावर ऑइलचे झाकण पुन्हा एकदा उचलून पाहावे. इंजिन दचकले पाहिजे.